जलरंगातला पलंगपोस कसा पाहावा

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तो फोटोच समजलो. निळ्या-पांढऱ्या विणीचा एक जुना पलंगपोस, खाली विसविशीत झालर, मधोमध एक उभी शिवण. नावाखालची ओळ वाचली तर तिथे लिहिलेलं: कागदावर जलरंग आणि पेन्सिल. मग चित्र पडद्यावर मोठं करत गेलो. झालरीच्या एकेका दशीपाशी कुंचल्याचं टोक कुठे टेकलं आणि कुठे उचललं हे दिसायला लागलं, आणि अशी चित्रं पाहायचा नाद लागला तो लागलाच.

नवख्या माणसाला ही चित्रं दोन कारणांनी फसवतात. एक तर ती इतकी हुबेहूब असतात की ‘वा, काय हात आहे’ म्हणून आपण पुढे जातो. दुसरं म्हणजे नक्षी इतकी देखणी असते की आपण कापडालाच दाद देतो आणि चित्र पाहायचं राहून जातं. इथे दोन कारागीर आहेत. एकानं, बहुतेकदा एकीनं, कापड विणलं किंवा शिवलं. दुसऱ्यानं शंभरेक वर्षांनी त्याच्यासमोर बसून ते कागदावर उतरवलं. दोघांचं काम वेगळं करून पाहता आलं की या चित्रांची खरी गंमत सुरू होते. पुढच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

आधी थोडी पूर्वपीठिका

ही चित्रं १९३०च्या दशकातल्या अमेरिकेतली. महामंदीत लाखो माणसं बेकार झाली, त्यांत चित्रकारही होते. सरकारनं लोकांच्या हाताला काम द्यायला योजना काढल्या, त्यांतली चित्रकारांसाठीची म्हणजे फेडरल आर्ट प्रोजेक्ट. तिचाच एक भाग ‘इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन’. तो १९३५ साली सुरू झाला. कल्पना दोघीजणींची: न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या चित्रसंग्रहाच्या प्रमुख रोमाना जाविट्झ आणि कापडावरच्या नक्षीचं काम करणाऱ्या चित्रकार रूथ रीव्हज. जाविट्झबाईंच्या संग्रहात नक्षीकार नमुने शोधत यायचे, आणि आपल्याच देशातल्या साध्या घरगुती वस्तूंची नीट चित्रनोंद मात्र कुठेच नव्हती.

मग तीसहून अधिक राज्यांत चित्रकार कामाला बसले. वसाहतींच्या काळापासून साधारण १९००पर्यंतच्या वस्तू त्यांनी रंगवल्या: खुर्च्या, पेटारे, बरण्या, बाहुल्या, छपरावर वाऱ्याची दिशा दाखवणारे पत्र्याचे कोंबडे. आणि घरातलं कापड: पलंगपोस, क्विल्ट (म्हणजे गोधडीसारखं शिवलेलं पांघरूण), गालिचे, भरतकाम. १९४२मध्ये काम थांबलं तेव्हा १८,०००हून जास्त चित्रं झाली होती. १९४३मध्ये सगळा साठा वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टकडे गेला. आज गॅलरीच्या संकेतस्थळावर ती पाहता येतात, मोठ्या आकारात उतरवूनही घेता येतात, तेही फुकट. शिकायला ही सोय उत्तम. दालनात चित्राला नाक लावलं तर पहारेकरी खाकरतो, इथे कुणी खाकरत नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या. नावात ‘अमेरिकन’ असलं तरी तिथल्या मूळ रहिवाशांच्या कलेला या उपक्रमात जागा दिली नव्हती, ते मानववंशशास्त्रज्ञांचं क्षेत्र मानलं गेलं. त्यामुळे हा संग्रह म्हणजे सगळी अमेरिका असं समजून पाहू नये.

पायरी पहिली: सालाची गल्लत करू नका

चित्राखालच्या नोंदीत पहिलं नाव चित्रकाराचं असतं, कापड करणाऱ्याचं नव्हे. सालही चित्राचं असतं: ‘सुमारे १९३८’, किंवा नक्की ठाऊक नसेल तर ‘१९३५/१९४२’, म्हणजे उपक्रम चालू होता त्या काळात कधीतरी. शीर्षक नुसतं ‘क्विल्ट’ नाहीतर ‘पलंगपोस’. यावरून कापड १९३८चं आहे असा समज सहज होतो. मी एका मित्राला एक क्विल्ट मोठ्या तोऱ्यात ‘मंदीच्या काळातली’ म्हणून दाखवली होती. ती त्याच्या ऐंशी-नव्वद वर्षं आधीची निघाली. १९४३.८ असा सुरू होणारा क्रमांक दिसला तर तो संग्रहात दाखल झाल्याच्या सालाचा, त्याचाही कापडाच्या वयाशी संबंध नाही.

चित्रकारांना प्रत्येक वस्तूसोबत एक माहितीपत्रक भरावं लागे: वस्तू काय, कुठली, कशाची, माप किती, कुणाच्या मालकीची, कुणी केली हे ठाऊक असल्यास ते. कित्येक नोंदींत मूळ वस्तूचं माप आजही दिलेलं सापडतं. ते शोधून काढा आणि कागदाच्या मापाशेजारी ठेवा. बऱ्याच चित्रांचा कागद अर्ध्या मीटरच्या आतबाहेर उंचीचा असतो. पलंगपोस असतो दोन मीटर किंवा त्याहून लांब. म्हणजे चारपाच पटींनी आक्रसलेला. समजा मूळ कापडात एका सेंटिमीटरला आठ धागे असतील, तर पाचपट लहान झाल्यावर चित्रकाराला एका सेंटिमीटरमध्ये चाळीस धागे काढावे लागतील. कुंचल्यानं ते होत नाही. तरीही चित्रात आपल्याला वीण दिसते. ती कशी दिसते, हा प्रश्न मनात ठेवून पुढे चला.

पायरी दुसरी: मोठं करण्याआधी लांबून पाहा

चित्र पडद्यावर पूर्ण मावेल एवढं ठेवा आणि डोळे किलकिले करा. बारकावे पुसले जातात, गडद-फिक्याची मांडणी तेवढी उरते. नक्षी कुठून सुरू होते, काठ मधल्या भागाला कसा धरून ठेवतो, नजर आपसूक कुठे जाते, एवढं टिपलं की झालं. दोन मिनिटांचं काम आहे, पण एकदा मोठं करायला लागलात की परत मागे येणं होत नाही, म्हणून ते आधीच उरका.

पायरी तिसरी: विणलेलं की शिवलेलं, ते ठरवा

इथे सावकाश जायला हवं. कापड कसं झालं हे कळल्याशिवाय चित्रकारानं काय साधलं ते कळत नाही.

पलंगपोस विणलेला असतो, त्याची नक्षी ताण्याबाण्यातूनच, म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांतूनच उमटते. क्विल्ट शिवलेली असते: वर नक्षीचं कापड, मध्ये कापूस किंवा लोकर, खाली अस्तर, आणि तिन्ही थर धरून ठेवणारा धावदोरा. तिला आपली गोधडी म्हटलं तर फारसं चुकणार नाही, फक्त गोधडीत धावदोऱ्याच्या ओळी बहुधा सरळ किंवा चौकोनात फिरतात, तर या क्विल्टमध्ये कित्येकदा टाक्यांचीच वेगळी नक्षी असते, पानं, पिसं, फुलांच्या परड्या.

विणलेल्या पलंगपोसांत तीन धाटण्या ओळखता आल्या तरी पुष्कळ झालं.

पहिली ‘ओव्हरशॉट’. पांढऱ्या सुताची साधी वीण आणि तिच्यावरून उड्या मारत जाणारा रंगीत लोकरीचा बाणा. लोकर वरच्या बाजूला सलग तरंगते तिथे गडद रंग दिसतो. मागच्या बाजूला तरंगते तिथे पांढरं दिसतं. आणि जिथे ती सुताच्या धाग्यांत वर-खाली अडकत जाते तिथे अर्धी छटा, निळ्याची आभाळी, तांबड्याची गुलाबी. या विणीत सगळी नक्षी चौकोन आणि वर्तुळांच्या भूमितीतली असते. ओव्हरशॉटचं चित्र समोर आलं की मी पहिल्यांदा ती अर्धी छटा शोधतो. हात राखून काम करणारा चित्रकार तिथे नुसता पातळ निळा फासून मोकळा होतो. जातिवंत चित्रकार त्या आभाळी चौकोनात बारीक पांढरे ठिपके सोडतो, कारण खऱ्या कापडात ती छटा वेगळ्या रंगाची नसतेच. निळा आणि पांढरा धागा आळीपाळीनं वर येतो आणि डोळा त्यांची भेसळ करतो.

दुसरी दुहेरी वीण. मागावर दोन कापडं एकदम विणली जातात, आणि नक्षीच्या कडेला वरचं खाली, खालचं वर अशी त्यांची अदलाबदल होते. समोरून निळ्यावर पांढरी नक्षी असेल तर मागून पांढऱ्यावर निळी. इथे अर्धी छटा नसते. कडा सुरीनं कापल्यासारख्या स्पष्ट. चित्रात एखादा कोपरा मुद्दाम दुमडून दाखवला असेल तर तो शोभेसाठी नाही. मागची उलटी नक्षी दाखवायची ती युक्ती आहे.

तिसरी धाटणी फुलापानांची. पक्षी, गरुड, गुलाब, घरं असं काही विणलेलं दिसलं की समजावं, इथे छिद्रांच्या पुठ्ठ्यांवर चालणारी जोडणी मागाला लावलेली आहे. जोझेफ-मारी जाकार या फ्रेंच माणसानं एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला ती प्रचारात आणली, अमेरिकेत ती पोहोचली १८२०च्या दशकात. हे काम घरच्या मागावरचं नव्हे, धंदेवाईक विणकरांचं. न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, ओहायो, इंडियाना अशा राज्यांत असे विणकर होते आणि त्यांत जर्मनीतून आलेले पुष्कळ होते. त्यांच्या पलंगपोसाचे खालचे कोपरे पाहायला चुकू नका. तिथे कितीदा विणकराचं नाव, गाव, साल आणि कधी ज्या गिऱ्हाइकासाठी काम केलं तिचंही नाव विणलेलं असतं. अक्षरं उलटी दिसली तर दचकू नका. दुहेरी कापडाच्या एका बाजूला ती सुलटी तर दुसऱ्या बाजूला उलटीच येणार.

आणि ती मधली उभी शिवण. हातानं धोटा टाकायचा तर विणकराचे दोन हात पोहोचतील तेवढाच पन्हा निघतो. पलंग त्याहून रुंद. म्हणून दोन लांब पट्टे विणायचे आणि मध्ये शिवून जोडायचे. दोन्ही पट्ट्यांची वीण सारख्या जोरानं ठोकली गेली नसेल तर शिवणीवर नक्षी जुळत नाही, वर्तुळाचे दोन अर्धे केसभर वर-खाली होतात. चित्रकारानं ती चूक तशीच ठेवली आहे का? मला हा प्रश्न चित्र पारखायची सगळ्यात चांगली कसोटी वाटते. नक्षी समजून घेऊन घरी बसून काढली असती तर ती जुळलीच असती. जुळत नाही, त्या अर्थी चित्रकार कापडासमोर बसला होता.

शिवलेल्या कापडात मुख्य भेद दोन. तुकड्याला तुकडा जोडून अख्खा पृष्ठभाग केलेला, किंवा सलग कापडावर वेगळे कापलेले आकार वरून शिवलेले. पहिल्यात आकार बहुधा सरळ रेषांचे, दुसऱ्यात गोलाईचे: वेली, माळा, गुलाब. ‘लॉग कॅबिन’ नावाचा नमुना पहिल्या जातीचा. मध्ये एक लहान चौकोन, त्याभोवती लाकडी ओंडके रचावेत तशा पट्ट्या, अर्ध्या बाजूच्या फिक्या आणि अर्ध्या बाजूच्या गडद. त्यामुळे असे अनेक चौकोन शेजारी मांडले की कापडभर उजेडाचे आणि सावलीचे तिरके पट्टे धावतात. दुसऱ्या पायरीत किलकिल्या डोळ्यांनी जे पाहिलं ते इथे उपयोगी पडतं.

१८८०च्या दशकात ‘क्रेझी क्विल्ट’ची लाट आली. रेशमाचे, मखमलीचे वेडेवाकडे तुकडे आणि प्रत्येक जोडावर वेगळा भरतकामाचा टाका. चित्रकारासाठी ही शिक्षाच, कारण त्यात काहीही पुन्हा येत नाही.

गालिचांबद्दल थोडक्यात: गोणपाटावर जुन्या कपड्यांच्या चिंध्या आकड्यानं ओढून केलेले गालिचे या संग्रहात भरपूर आहेत. त्यांत चिंध्यांच्या ओळी कोणत्या दिशेनं वळतात ते पाहा. आकृतीच्या कडेनं त्या फिरतात, मोकळ्या जागेत आडव्या जातात, आणि कुंचल्याचे फटकारेही त्याच वाटेनं गेलेले असतात.

पायरी चौथी: आता कापड विसरा, कागद पाहा

चित्र जेवढं मोठं होईल तेवढं करा. एक धागा, एक टाका, एक दशी एवढंच निवडा.

या चित्रकारांना एक ठरावीक पद्धत शिकवली जाई. बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये काम केलेल्या सुझान चॅपमन यांनी ती चित्रकारांना शिकवली. तिचं मूळ होतं इजिप्तमधल्या उत्खननांत: चित्रकार जोझेफ लिंडन स्मिथ हे तिथल्या कोरीव भिंतींची चित्रं अशी करत की ती पाहणाऱ्याला दगडच वाटावीत. आधी पेन्सिलीनं मापून काटेकोर रेखाटन, मग पातळ रंगाचे थरावर थर, आणि शेवटी बारीक कुंचल्यानं पोत. फेब्रुवारी १९४०चा एक फोटो आहे, फ्लोरिडातल्या कोरल गेबल्सचा. मॅग्नस फॉसम नावाचा चित्रकार ‘बोस्टन टाउन’ नमुन्याच्या पलंगपोसाची नक्कल करत बसला आहे. तो फोटो मिळाला तर जरूर पाहा. एवढं कापड आणि त्यापुढे एवढासा कुंचला, हे प्रमाण एकदा नजरेत बसलं की चित्राकडे पाहायची रीतच बदलते. न्यूयॉर्कमध्ये अशा योजनेवरच्या चित्रकाराला आठवड्याला साधारण तेवीस-चोवीस डॉलर मिळत. घाई करण्यात त्याचा काही फायदा नव्हता.

पहिल्या पायरीतला प्रश्न आता काढा. चाळीस धागे एका सेंटिमीटरमध्ये मावत नाहीत, मग वीण दिसते कशी? उत्तर असं की चित्रकार धागे मोजून काढत नाही, धाग्यांची खूण शोधतो. एखादा आडव्या तुटक रेघा ओढतो, एखादा वाळलेल्या रंगावर जवळजवळ कोरडा कुंचला फिरवतो, म्हणजे कागदाचा खरखरीतपणाच विणीचं काम करतो. दहा चित्रं पाहा, खुणा दहा निघतील. माझ्या मते चित्रकाराची सही कोपऱ्यात नसते, या खुणेत असते.

पांढऱ्याकडे खास लक्ष द्या. जलरंगात पांढरा मुळात लावायचा नसतो, राखायचा असतो; तो कागदाचा असतो. काही चित्रकारांनी जाड, अपारदर्शक पांढराही वापरला आहे, विशेषतः गडद कापडावरचे टाके दाखवायला. तो ओळखणं सोपं आहे: कागदाचा पांढरा खोल वाटतो, लावलेला पांढरा वर आल्यासारखा वाटतो. दोन्ही एकाच चित्रात सापडले तर कुठला कशासाठी वापरला ते शोधत बसा, वेळ वाया जाणार नाही.

यातली सगळ्यात कठीण परीक्षा म्हणजे संपूर्ण पांढरी क्विल्ट. पांढऱ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्यानं नक्षी. रंग असा नाहीच. टाक्याची ओळ आत दबते, दोन ओळींमधला कापूस फुगतो, आणि त्या फुगवट्याच्या एका कडेला पुसटशी सावली पडते. चित्रकाराच्या हातात तेवढी सावलीच. तीही एका रंगाची नसते. नीट पाहिलं तर कुठे निळसर करडी, कुठे किंचित पिवळट, कारण जुनं सुती कापड पिवळं पडलेलं असतं. उजेड कुठल्या बाजूनं येतोय ते ठरवा आणि मग चित्रभर तपासा. एकाही पानाची सावली चुकीच्या बाजूला पडलेली मला अजून सापडलेली नाही, शोधून मात्र भरपूर पाहिलं आहे.

लोकर, सूत आणि रेशीम यांतला फरक कडेवरून कळतो. सुताची कड स्वच्छ असते. लोकरीच्या कडेला लव असते, तिथे रंग थोडा फुटलेला, विस्कटलेला दिसेल. रेशमावर चकाकीचा पट्टा असतो आणि त्याच्या लगेच शेजारी गडद; चित्रकारानं तिथे कागद कोरा सोडलेला असतो. नावावर बोट ठेवून, नुसत्या कडेवरून कापड ओळखायचा खेळ करून पाहा. मी सुरुवातीला निम्म्या वेळा चुकायचो.

फोटो का काढले नाहीत, असा प्रश्न इथे हमखास येतो. त्या काळात रंगीत फोटो महाग पडत आणि त्यातले रंग भरवशाचे नसत, हे एक. चित्रकारांना काम द्यायचं होतं, हे दुसरं, आणि मूळ कारण तेच. पण तिसरंही आहे. कॅमेरा धावदोऱ्याला आणि चुरगळीला सारखंच महत्त्व देतो. चित्रकार चुरगळ सोडून देऊ शकतो आणि धावदोरा ठेवू शकतो.

पायरी पाचवी: चित्रकार कुठे थांबला?

खूप चित्रांत अख्खं पांघरूण नसतंच. एक कोपरा असतो, किंवा काठासकट चौथा हिस्सा. उरलेलं तसंच पुन्हा येणार म्हणून सोडलेलं. काही चित्रांत रंग हळूहळू विरत जातो आणि पुढे नुसती पेन्सिलीची चौकट उरते. हे अर्धवट टाकलेलं काम नव्हे. कापड करणाऱ्या कुणाला तरी नमुना उचलता यावा म्हणून ही चित्रं होती, आणि नमुना कळायला तेवढा भाग पुरतो.

पण त्या विरत जाणाऱ्या जागेत चित्र उघडं पडतं. रंगवलेल्या भागात आपल्याला कापड दिसतं, पेन्सिलीच्या भागात कागद. दोघांच्या सीमेवर थांबून पाहा: शेवटचा रंगीत तुकडा कोणता, आणि तो तिथेच का? चांगला चित्रकार नक्षीचा एक फेरा पुरा करून थांबतो. मला अशी अपुरी चित्रं पुऱ्यांपेक्षा जास्त आवडतात. पुऱ्या चित्रात चित्रकार लपून बसतो.

सगळी चित्रं काही थोर नाहीत, हेही सांगून टाकतो. काही भिंतीच्या कागदासारखी सपाट आहेत: नक्षी बिनचूक, पण कापडाचं वजन नाही. ‘ही घडी उचलली तर जड लागेल का?’ असं स्वतःला विचारा. उत्तर येत नसेल तर पुढच्या चित्राकडे वळा.

पायरी सहावी: झीज आणि उडालेले रंग वाचा

जुन्या कापडाचे रंग ठरावीक तऱ्हेनं बिघडतात, आणि ते ठाऊक असेल तर चित्रात बरंच काही वाचता येतं. निळा बहुतेक निळीचा, तो टिकतो. तांबडा मंजिष्ठेच्या भावकीतल्या मॅडर नावाच्या मुळीचा, तोही बऱ्यापैकी टिकतो. हिरवा मात्र कितीदा पिवळ्यावर निळा चढवून केलेला असे. पिवळा आधी उडतो आणि निळा मागे राहतो. म्हणून वेलीची पानं निळसर दिसली तर शिवणारीनं निळी पानं लावली असं धरून चालू नका. तपकिरी छापील कापडात रंग पक्का करायला लोखंडाचे क्षार वापरत, ते धाग्यालाच खातात. म्हणून बाकी क्विल्ट धड आणि तपकिरी तुकडे तेवढे झिरझिरीत, असं दृश्य दिसतं. क्रेझी क्विल्टमधलं रेशीम उभं चिरतं, कारण त्या काळी रेशमाला वजन आणायला धातूचे क्षार पाजत.

आता चित्रात पाहा: ही झीज दाखवली आहे का? काहींनी प्रत्येक भोक इमानानं काढलं आहे. काहींनी कापड नवंकोरं करून दाखवलं आहे. दोन्ही चित्रं सुंदर असू शकतात, पण ती वेगळ्या गोष्टी सांगतात. पहिलं सांगतं, हे माझ्यासमोर आलं तेव्हा असं होतं. दुसरं सांगतं, याची नक्षी अशी होती. झीज दिसली की आणखी एक करा: ती पांघरुणावर नेमकी कुठे आहे ते पाहा. वरच्या कडेला, जिथे रोज रात्री हातानं धरून ओढलं जातं, तिथे असेल तर ती वापराची. घडीच्या रेषेवर असेल तर ती पेटीत वर्षानुवर्षं पडून राहिल्याची.

आणि जलरंगही उडतात, बरं का. म्हणूनच कागदावरची अशी कामं उजेडापासून जपून, कपाटात ठेवतात आणि प्रदर्शनात थोडे दिवसच मांडतात. म्हणजे कापडाचा रंग उडालेला, त्याचं चित्र थोडं उडालेलं असण्याची शक्यता, आणि वर तुमच्या पडद्याची स्वतःची मर्जी. तेव्हा ‘हा अमुकच तांबडा’ म्हणून पैज लावू नका. एकाच चित्रातले दोन रंग एकमेकांशी ताडून पाहा, ते जास्त भरवशाचं.

पायरी सातवी: चार बोटं कापड रंगवून पाहा

चित्रकला येत नसली तरी हे करा. निवडलेल्या चित्रातला चार बोटं रुंद तुकडा घ्या, शक्यतो काठ आणि झालर जिथे मिळतात तिथला. जाडसर कागद, दोन रंग, एक बारीक कुंचला, पेन्सिल. आधी नक्षीच्या मोठ्या सीमारेषा अगदी हलक्या हातानं काढा. फिक्या रंगाचा पातळ थर द्या आणि तो पूर्ण वाळू द्या. नवशिक्याची बहुतेक चित्रं इथल्या उतावीळपणानं बिघडतात. मग गडद भाग. शेवटी पोत. धागे मोजू नका, धाग्यांसाठी तुमची खूण कोणती ते ठरवा आणि तुकडाभर तीच वापरा. पांढऱ्या जागा आधीच हेरून ठेवा, नंतर त्या परत मिळत नाहीत.

झालं की मूळ चित्र पुन्हा उघडा आणि तोच तुकडा मोठा करा. पहिल्या खेपेला तुम्हाला जे नुसतं ‘निळं’ दिसलं होतं तिथे आता तीन थर दिसतील, आणि कोणता आधी दिला होता तेही कळेल. माझ्या पहिल्या प्रयत्नातली लोकर गवतासारखी दिसत होती. तिसऱ्यात ती लोकरीसारखी दिसायला लागली, तेव्हा हुरूप येऊन झालर घेतली. सतरा दशा झाल्या आहेत. मूळ चित्रात त्या किती आहेत ते अजून मोजायचं धाडस केलेलं नाही.